मयताची गादी

पोलिसाच्या नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. त्यातले बरेचसे आता विसरलो. लाखनी तालुक्यातलं एक साधं, कचऱ्याचं म्हणावं असं प्रकरण मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

हिवाळ्याचे दिवस होते. सकाळी ठाण्यात हजेरी चालली असताना ग्रामीण रुग्णालयातून मेमो आला. एका मजूर बाईच्या हातात इंजेक्शनच्या सुया घुसल्या होत्या. स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो. एवढ्याशा मेमोला साहेब स्वतः कशाला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

बाई पंचविशीची. मांडीवर दोन महिन्यांची मुलगी रडून रडून लाल झालेली, आणि बाईचा पदर छातीपाशी ओला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध सुरू केलंय. पण सुया कोणाच्या, त्याला आजार काय होता, काहीच माहीत नाही. ते कळेपर्यंत बाळाला अंगावर पाजू नको म्हटलंय, आणि वरचं दूध बाळ तोंडात घेत नाही." आरोपी नंतर सापडला तरी चाललं असतं. आधी त्या सुयांचा धनी शोधायला हवा होता.

तिच्या गावाजवळ तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, कोणीतरी घरातलं जुनं सामान आणून ओतलं होतं. मोडकी खुर्ची, औषधाच्या बाटल्या, कपडे आणि एक गादी. गादी बाईने घरी नेली. कापूस उन्हात घालावा म्हणून ती उसवली आणि आत हात घातला.

"लोकाची गादी काहून उचलली?" हवालदार खेकसला. "मयताची असन, हे नाही समजलं तुले?"

"समजलं जी," ती म्हणाली. "पण थंडी पोरीले वाजते. मेलेल्याले नाही वाजत."

हवालदाराने ते तसंच लिहून घेतलं.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. नदीकाठी नाहीतर शिवेबाहेर नेऊन टाकतात, आणि मग त्याला कोणी शिवत नाही. ही बाई शिवली, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

जागेचा पंचनामा केला. नावाचा एकही कागद मिळाला नाही आणि बाटल्यांवरची लेबलं दवाने गेलेली. हायवेच्या फाट्यावर चहाची टपरी होती, तिथे चौकशी केली. टपरीवाल्याला काही आठवेना. पोलिसाच्या पहिल्या प्रश्नाला कोणालाच काही आठवत नसतं. मी चहा सांगितला, यंदाच्या धानाचं विचारलं. दुसऱ्या कपाला त्याला आठवलं.

"एक टेम्पो आलता, साहेब, पाळीकडून. मागं मोठ्या अक्षरात 'आईची कृपा' लिवलं होतं. त्यानं आधी हातपाय धुतले, अंगावर पानी शिंपडलं, मंग चहाले हात लावला. मी म्हटलं, मयतीवरून आला का बाप्पा? तर काही बोललाच नाही."

'आईची कृपा' दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्यात सापडली. टेम्पोवाला घराघरांतली अडगळ उचलायचा, भंगार विकायचा आणि उरलेलं 'बरोबर जागी' टाकायचा. तलाव आपण पाहिलाच नाही, हे त्याने तासभर घोकलं. दमदाटी केली की माणूस खोटं आणखी घट्ट धरतो. मी आवाज न चढवता विचारलं, "चहा घ्यायच्या आधी हातपाय कायले धुतले?"

त्याची मान खाली गेली. "घरी लेकरंबाळं हायेत, साहेब. मयताच्या गादीचा विटाळ घेऊन कसा जाऊ?" मग त्याने पत्ता सांगितला.

भंडाऱ्यातच गल्लीच्या टोकाला बैठं घर होतं. सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं. निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. नवऱ्याला जाऊन महिना व्हायचा होता. मुलगा तेरवी आटोपून हैदराबादला परतला होता. जाताना म्हणाला होता, गाडी बोलाव आणि सगळं काढून टाक.

"यांना साखर होती," त्या सांगू लागल्या. "तीन वर्षं मीच इंजेक्शन देत होती. घंटागाडीवाला म्हणे, सुया देऊ नका, माह्या हातात घुसतात. बरोबरच हाय त्याचं. मंग मी त्या गादीत घालून शिवून टाकल्या. मयताच्या गादीले कोणी हात लावत नाही. म्हटलं, याच्याहून चांगली जागा कोणती?"

त्या सुया कोणाला लागल्या, हे मी सांगितलं. "तान्हं लेकरू हाय?" त्यांनी एवढंच विचारलं. मग उठून कपाटातून एक फाइल काढली. मरणाच्या दोन महिने आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यासाठी केलेल्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या तिच्यात होत्या. एड्स नाही, कावीळ नाही.

"हेही टाकूनच देणार होती. पण वरतं त्यांच्या हातानं नाव लिहिलं हाय ना."

मी तिथूनच रिपोर्टचे फोटो डॉक्टरांना पाठवले. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. "तिच्या तपासण्या चालू राहतील. पण पाजू द्या तिला आता." जबाब लिहिताना मी रिवाजाप्रमाणे विचारलं, तेरवीनंतर घरी कोण कोण आलं? "टेम्पोवाला," बाई म्हणाल्या, "आणि आता तुम्ही."

टेम्पोवाल्यावर गुन्हा दाखल झाला, पुढे दंडही झाला. शिक्षिकाबाईंना मी साक्षीदार केलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो की सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात घाला, झाकण घट्ट लावा, वर 'सुया' असं लिहा आणि दवाखान्यात विचारून तिथेच द्या. सामान न्यायला येणाऱ्याला, बाबा रे, हे टाकतोस कुठे, एवढं तरी विचारा. आपल्या दारातून गेलेली वस्तू शेवटी कोणाच्या तरी हातात पडतेच, आणि बहुतेक वेळा तो हात गरिबाचा असतो.

पण हे प्रकरण आठवतं ते यासाठी नाही. जबाब घेऊन मी निघालो तेव्हा बाईंनी विचारलं, "जबाबासाठी परत यावं लागन ना तुम्हाले?"

"नाही काकू, झालं काम."

त्यांचा चेहरा उतरला. चौकशी संपल्याचं वाईट वाटलेलं माणूस साऱ्या नोकरीत मी तेवढं एकच पाहिलं.

"मंग लेकरू पिऊन राहिलं का, तेवढं सांगायले तरी या उद्या."

मी हो म्हटलं. लेकरू त्याच दुपारी आईच्या अंगावर प्यालं आणि तिथेच झोपलं. दुसऱ्या दिवशी बाईंना निरोप मी शिपायाच्या हाती पाठवला. तो परत येऊन म्हणाला, "साहेब, त्यांनी पोहे करून ठेवले होते. म्हणत होत्या, साहेब नाही आले का?"

त्या दिवशी ठाण्यात फारसं काम नव्हतं. मी जायला हवं होतं.