महाकालीच्या डोंगरातला स्तूप

आजी गेली त्या वर्षी वडिलांनी आबांना गावाहून अंधेरीला आणलं. आबा म्हणजे माझे आजोबा. सोलापूरकडच्या एका खेड्यात त्यांनी जन्मभर दगड फोडले होते. रस्त्याची खडी, विहिरींचे चिरे, जे काम मिळेल ते. आमच्या चाळीतल्या एका खोलीत ते दिवसभर भिंतीला टेकून बसत. आईने दिलेला चहा पुढ्यात गार व्हायचा. आजीबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नव्हता.

मी सहावीची परीक्षा नुकतीच दिली होती. आई म्हणाली, "जरा फिरवून आण गं त्यांना रोज. नुसतं बसून माणूस खचतं."

म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघायचो. मी त्यांना बाजार दाखवला, बस डेपो दाखवला, कारखान्याचा भोंगा वाजला की गेटातून आत शिरणारी माणसं दाखवली. आबा मान हलवायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "हितं डोंगर न्हाई का कुठं?"

"आहे ना, महाकालीचा. तिथं गुंफा आहेत म्हणतात. पोरं क्रिकेट खेळायला जातात."

"तू गेलीस?"

"नाही."

"मग चल की."

रस्ता वाटला त्याहून लांब निघाला. कारखान्यांच्या भिंती संपल्या, मग बैठी घरं, म्हशींचा एक गोठा, आणि पुढे एकदम काळ्या खडकाचा उतार. त्यात ओळीने दारं कोरलेली होती. मी थबकले. शाळेच्या पुस्तकात लेण्यांची चित्रं होती, पण ती कुठंतरी दूरची. आमच्या चाळीपासून चालत जाता येईल अशा जागी हे असेल, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आबांनी बाहेरच खडक नखाने खरवडला. भुगा बोटावर घेऊन बघितला.

"दगूड चांगला न्हाई," ते म्हणाले. "भुसभुशीत हाय. ह्याच्यात काम करायचं म्हंजी अवघड."

एका मोठ्या गुंफेत आम्ही शिरलो. आत गारवा होता आणि वटवाघळांचा उग्र वास. टोकाला खडकातच कोरलेली एक गोल खोली होती, दगडी झोपडीच म्हणा ना. तिच्या भिंतीला दगडाची जाळी होती. दारातून वाकून आत गेलो तर काहीच दिसेना.

"थांब," आबा म्हणाले. "डोळं निवू दे."

आम्ही हात धरून उभे राहिलो. हळूहळू जाळीतून आलेला उजेड दिसायला लागला, आणि त्या उजेडात अगदी आमच्या समोर एक प्रचंड गोल आकार. स्तूप. आम्ही बौद्ध; घरात, विहारात स्तूपाची चित्रं मी रोज बघायचे. पण हा माझ्यापेक्षा कितीतरी उंच होता आणि जणू मघापासून आमच्याकडे बघत होता. 

आबांनी दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवले. खाली जमिनीपर्यंत चाचपत गेले, बसले, बुडाशी बोटं फिरवली. पुन्हा उठले.

"सांधा न्हाई," ते पुटपुटले. "पोरी, ह्यो आणून ठिवलेला न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी हितं सगळा डोंगरच हुता. भवतीचा दगूड काढून टाकला, आन् ह्यो मधी राखला. ही भित, ती जाळी, समदं एकाच दगडाचं." ते म्हणाले. "एक घाव जादा पडला तर? जोडायची सोय न्हाई. किती वर्सं लागली असतील गं?"



जाळीच्या वरती काही अक्षरं होती. आबांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?"

"मला नाही येत, आबा. ही जुनी लिपी आहे."

"तुलाबी न्हाई?" ते हसले. अंधेरीला आल्यापासून पहिल्यांदा. मग हात जोडून त्यांनी मोठ्याने वंदना म्हटली. त्या गोल खोलीत त्यांचा आवाज असा घुमला की चार माणसं एकदम म्हणतायत असं वाटलं. शेवटचा शब्द विरेपर्यंत आम्ही दोघं हललो नाही.

बाहेर पायरीवर बसल्यावर ते आपणहून बोलायला लागले. "तुझी आजी माझ्यासंगं खडी फोडायची. माझ्यापरीस तिचा हात सरळ. दगडाची शीर, कुठं घाव घातला की फुटतो ती, तिला बराबर कळायची. ही जाळी तिनं बघाय पायजे हुती." आणि मग ते रडले. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते डोळे पुसून म्हणाले, "भूक लागली."

घरी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आई माझ्याकडे बघतच राहिली.

पुढच्या रविवारी त्यांनी वडिलांना ओढून नेलं. वडील नऊ वर्षं अंधेरीत राहत होते, पण त्या डोंगरावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. "सुट्टी एकच मिळते, आबा," ते वाटभर कुरकुरत होते. गोल खोलीत आबांनी त्यांचे हात धरून स्तूपावर टेकवले आणि सगळं पुन्हा समजावून सांगितलं.  मग वडिलांनी चपला काढून बाहेर ठेवल्या आणि अंधारात, भिंतीला खांदा घासत, ते स्तूपाभोवती हळूहळू फिरायला लागले.