मायच्या कोंबड्याची जात

तुम्ही मायच्या पत्रात काऊन पुन्हा तेच लिहिता गड्यांनो, की माय विकून राह्यली तो कोंबडा साधा गावरान हाय, साखरखेर्ड्याच्या बाजारात सहाच रुपये येतील? त्याचे पाय पाहा. लढाऊ असील जातीचा हाय तो.

आज इथं पुण्यात तसाच एक दिसला. विकणाऱ्या चाचाले जात विचारली. त्यानं हातावर तोलला अन् म्हणे, "बाप असील, मा देसी. पर जात कौन पकाता है बेटा? आठ रुपये दे."

आपला तं पहाटे माह्या खाटेवर येऊन बसे अन् आरवे. इथं मले कारखान्याचा भोंगा उठवते.

गावी आलो अन् तो नसला, तं घर माह्यं वाटंल का? तुम्हीच सांगा. मायले हे वाचून दाखवा. विकू नको म्हणा, मीच घेतला. आठ त्याचे अन् एक त्याच्या दाण्याचा, असे नऊ रुपये मनिऑर्डरनं पाठवून राह्यलो.