उत्तरकार्यात वाचलेली गोष्ट

निवृत्तीनंतर माझे पती दर रविवारी गल्लीतल्या मुलांना आमच्या बाहेरच्या खोलीत बसवून गोष्टी लिहायला शिकवत. ते गेले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मुलं नेहमीच्या वेळेला वह्या घेऊन दारात उभी राहिली. पेठ वडगावहून आलेले माझे धाकटे दीर उठले.

"आज न्हाय रं पोरांनो. घरात दुःख हाय."

"ठावं हाय की," पाचवीतली एक मुलगी म्हणाली. "सरांवरच लिवलंय."

मी सगळ्यांना आत घेतलं. ती वही उघडून वाचू लागली.

"सर माझी गोष्ट ऐकताना झोपायचे. मी थांबले की डोळे मिटूनच म्हणायचे, ऐकतोय की. एकदा मी मुद्दाम विहिरीच्या गोष्टीत हत्ती घातला. सर दचकून उठले आणि म्हणाले, हत्ती कुठनं आला? तेव्हापासून मी गोष्ट अशी लिहिते, की सरांना झोप येऊ नये."

"गेलेल्या माणसाबद्दल असं लिवत्यात व्हय?" दीर म्हणाले. "बाळ, ते झोपायचं खोड. सर लई मायाळू होते, असं लिव."

"पण सर म्हणायचे, बघितलंय तेच लिवा."

तरी तिनं खोडरबर काढलंच. मोठ्या माणसानं सांगितलं होतं.

पाच दिवस येणारा प्रत्येकजण मला एका देवमाणसाबद्दल सांगत होता. त्या माणसाला मी ओळखत नव्हते. खुर्चीत मान टाकून घोरणारा आणि वर झोपलोच नव्हतो म्हणणारा माणूस माझा होता. तो या वहीत होता, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत खोडला जाणार होता.

मी वही तिच्या हातातून घेतली. "एक अक्षर खोडायचं नाही. उत्तरकार्याला तू हेच वाचायचंस."

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, भाऊजी."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

बाराव्या दिवशी मांडवात आधी मोठ्या माणसांची भाषणं झाली. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, न भरून येणारी पोकळी. मग ती मुलगी वही घेऊन उभी राहिली. वाचत वाचत ती हत्तीपाशी आली, तसं मागच्या रांगेत कुणालातरी हसू फुटलं. ते दाबायच्या आत मांडवभर पसरलं. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी बाईनं पदर तोंडाला लावायचा असतो. मी लावला नाही. सगळ्यांसमोर, मोठ्यानं हसले.