चिंचवडचे एकटे मॉर्मन

पुण्याजवळ एका दिवसात कुठे जावं, असं विचारलं की लोक लोणावळा सुचवतात. मला मात्र पन्नासच्या दशकातलं चिंचवड आठवतं. मामांचा निरोप होता, "रयवारी साहेब येनाराय. सभेला मान्सं पायजेत. ये." मी शनिवारीच दादरहून गाडी धरली.

मामा तरुणपणी बोटीवर होते. विलायतेतल्या एका बंदरात त्यांनी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा बाप्तिस्मा घेतला. गावी परतल्यावर पंथाच्या नियमाप्रमाणे विडी सोडली, चहाही सोडला. आता चहा न पाजणाऱ्याच्या ओट्यावर कोण टेकणार? पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. या पंथात दर रविवारी पाव-पाण्यावर प्रार्थना म्हणून ते सगळ्यांनी घ्यायचं असतं, पण ती प्रार्थना पंथाने अधिकार दिलेल्यानेच म्हणायची. मामांना तो अधिकार नव्हता. वर्षानुवर्षं रविवारी ते एकटेच पंथाचं एखादं गाणं म्हणून उठत. अशात पिंपरीच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला अमेरिकन साहेब नेमका याच पंथाचा निघाला, शिवाय अधिकार असलेला!

स्टेशनवरून टांगा चार आण्यांत मिळाला. वाटेत पेरू घेतले, अगदी साखर. धूळ मात्र फुकट आणि भरपूर.

रविवारी साहेब सायकलवरून आला. पाव काही मिळाला नव्हता.

"भाकरी चालंल का?" मामींनी अवघडून विचारलं. मामांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब हसून हो म्हणाला. त्याने भाकरीचे तुकडे केले, गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. तुकडा तोंडात घालताना मामांना रडू फुटलं.

पिठलं-भाकरी झाल्यावर साहेबाने सांगितलं, महिनाअखेरीस तो मायदेशी चालला होता. मामांना अधिकार द्यायचा तर वरून परवानगी हवी. तो पत्र लिहिणार होता.

तेवढ्यात मामी फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आल्या. "मंतरलेले तुकडे राखून ठिवलेत. वाळवून डब्यात घालते. रयवारी येक परसाद म्हून द्यायचा. पुरत्याल लई दिस."

मामांनी साहेबाला विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. प्रार्थना दर रविवारी नव्याने व्हायला हवी, साठवून चालत नाही.

"मंग तुमीच म्हना की," मामी चिडल्या. "हितं कोन बघाय येतंय?"

"न्हाई. त्यो हक्क माजा न्हाई."

संध्याकाळच्या गाडीने मी परतले. मामा असेपर्यंत परवानगी काही आली नाही. आता पुण्यात त्या पंथाची सभा भरते असं ऐकते, आणि मामा फार लवकर जन्मले याची हळहळ वाटते. मामा होते तोवर कधीही रविवारी गेले तरी मामींनी त्यांच्यासमोर ताजी भाकरी ठेवलेली असे. गाणं संपलं की मामा प्रार्थना न म्हणताच ताटली सरकवून म्हणत, "ने आत. जेवताना वाढ."