चंद्रभागाबाईंच्या कपाळावरची चंद्रकोर

चौसाळ्यात हमरस्त्याला चंद्रभागाबाईंचं चहाचं हॉटेल होतं. चहा बरा मिळायचा, बोलणी फुकट. कप खिडकीतून भिरकावणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्यांनी चारचौघांत विचारलं होतं, "घरी ताट बी असंच फेकतूस व्हय रे?" अशा बाईला मेंदूच्या झटक्यानं पार गप्प केलं. बोट हलेना, डोळाही मनासारखा फिरेना. त्यांना काही समजतं की नाही, हे कुणालाच सांगता येईना.

मुलगा उत्तरेश्वर त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायला निघाला. समजतच नसेल तर घर काय अन् आश्रम काय, हा त्याचा मुद्दा. मुलगी शिवकन्या म्हणे, आधी तिला विचारू. म्हणून अशा रुग्णांच्या मेंदूवर काम करणाऱ्या एका संशोधन गटाला घरी बोलावलं.

त्यांनी एक टोपी आणली होती. ती डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा उजेड कपाळातून आत सोडते. मेंदू कामाला लागला की तिथलं रक्त वाढतं, परतणारा उजेड बदलतो आणि पडद्यावरची रेघ चढते. 'होय' म्हणायचं तर मनात जात्यावरची ओवी म्हणायची, 'नाही' म्हणायचं तर नुसतं पडून राहायचं, असं बाईंच्या कानाशी सांगून ठेवलं.

टोपी चढवण्याआधी गटातल्या इंजिनिअरसाहेबांनी कपाळ स्पिरिटनं पुसलं. तिथली चंद्रकोर जाईना, तेव्हा आणखी जोरानं पुसलं. कपाळ लालबुंद झालं.

"साहेब, कुंकू न्हाई ते," शिवकन्या म्हणाली. "गोंदलेलं हाय. मेल्यावर बी जायचं न्हाई."

साहेबांनी मान हलवली आणि टोपीतले सेन्सर नेमके त्याच काळ्या गोंदणावर बसवले. काळा रंग उजेड गिळतो, हे उजेडावर पदव्या घेतलेल्या चार माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. "तुमचं नाव चंद्रभागाबाई का?" रेघ सपाट. "शिवकन्या तुमची मुलगी का?" सपाट. निष्कर्ष लिहिला गेला: प्रतिसाद नाही.

त्या दिवसापासून उत्तरेश्वर आईच्या उशाशी बसूनच आश्रमाशी फोनवर बोलू लागला. खाटेवर जणू आई नव्हे, गाठोडं होतं. शिवकन्येनं मात्र फोन करकरून गटाला परत आणलं आणि उजेड काळ्या गोंदणातच अडत असणार हे ताडून सेन्सर चंद्रकोर सोडून बाजूला लावायला सांगितले.

या वेळी नावाला रेघ चढली. मुलीच्या नावालाही चढली. पुन्हा पुन्हा विचारलं, तरी चढली.

मग उत्तरेश्वरनं विचारलं, "आये, आश्रमात जातीस का?"

रेघ खालीच. तो म्हणाला, झोप लागली असंल. साहेबही म्हणाले, सपाट रेघेचा अर्थ नक्की लावता येत नाही.

"मग उलटं इचारू की," शिवकन्या म्हणाली. "आये, हितंच ऱ्हायचं का, घरी?"

रेघ चढली. चांगली वर गेली.

आश्रम रद्द झाला. साहेबांनी पहिला निष्कर्ष दुरुस्त केला की नाही, ठाऊक नाही. कपाळावर गोंदण असलेल्या स्त्रियांना यापुढे अभ्यासातून वगळावं, अशी शिफारस मात्र त्यांनी तातडीनं केली. दोष अर्थातच कपाळाचा.

उत्तरेश्वर आता फोनवर बोलायला अंगणात जातो.