तेजलचं सेटिंग

दुपारचं जेवण झालं की गॅरेजच्या फरशीवर पुठ्ठा टाकून पाठ टेकायची, ही माझी जुनी खोड. उद्यमनगरातली लेथ मशिनं तेवढ्या वेळापुरती गप्प असतात. डोळे मिटलेत, पण झोप लागलेली नाही. पेट्रोलचा वास येतोय आणि डोक्यात तोच किडा वळवळतोय, की रविवारी गाडी पळायला पाहिजे. माझ्या पोरीनं, तेजलनं, मातीतल्या ट्रॅकवरच्या शर्यतीत नाव दिलं होतं. ती डेंग्यूनं गेली. आता तिच्या नावानं तिची मैत्रीण गाडीत बसणार आहे. पोरगी अर्ध्यात गेली, गाडी तरी अर्ध्यात थांबू नये, एवढंच माझं मागणं. पण गाडी माझं ऐकते होय! सुरू होते, काळा धूर ओकते, आचके देते आणि बंद पडते.

मी विलास मिस्त्री, कार्बोरेटर कानानं लावणारा माणूस. पंप बदलला, फिल्टर बदलला, प्लग नवे घातले. हात लावला नाही तो फक्त रेग्युलेटरला. कंपनीचा काढून तेजलनं बाजारातला आणून बसवलेला. मुठीएवढा डबा, पण इंजिनला पेट्रोल किती जोरानं द्यायचं ते तोच ठरवतो. वर स्क्रू, बाजूला काट्याचं मीटर. तो स्क्रू तिनं तिच्या हातानं लावलाय. आणि आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्या मिस्त्रीच्या सेटिंगला त्याला विचारल्याशिवाय पाना लावायचा नाही. आता कुणाला विचारू?

"मलाच विचारा की."

ती बॉनेटखाली वाकलेली आहे. कोपरापर्यंत काळे हात, केसांत पेन खोचलेलं. मी पुठ्ठ्यावर आडवा आहे आणि तिच्या शेजारी उभाही आहे, आणि त्याचं मला काही विशेष वाटत नाही.

"कधी आलीस गं?"

"मगाशीच आलो की." कोल्हापूरच्या पोरींसारखी ती आलो-गेलोच म्हणायची. "तुम्ही घोरत होता."

"मी घोरत नाय."

"व्हय व्हय. रस्त्यावरनं ट्रक गेला असंल."

किती दिवसांनी कुणीतरी माझी टिंगल करतंय. मला हसू येतंय आणि रडूही येतंय.

"तेजल, काटा कुठं ठेवला होतास? तीनवर?"

"वरची हवेची बारकी नळी काढून बघितलं तर तीनवर. नळी लावून बघितलं तर कमीच दिसणार. तुम्ही नळी काढली का?"

"मी हातच लावला नाय त्याला."

"आयला, पप्पा! मी काय परका मिस्त्री हाय?"

उत्तर द्यायला तोंड उघडतो तर आम्ही घरच्या स्वयंपाकघरात. गाडी ओट्याला लागून उभी आहे आणि तिची आई मालन बंपरला पाठ टेकून भाकरी थापतेय.

"मालन, अगं बघ कोण आलंय!"

मालन भाकरी उलटते. मी ओरडतो, पण आवाजच फुटत नाही.

"राहू दे तिला," तेजल म्हणते. "गाडी सुरू करा."

चावी फिरवतो. काटा चढतो, थांबतो आणि सावकाश उतरायला लागतो. माझा धीर सुटतो. रीत गेली खड्ड्यात, मी स्क्रू धरून फिरवतो. स्क्रू नुसता फिरतोय, काटा उतरतोच आहे. ओट्याची फरशी पांढरी होते. हा दवाखान्यातला वॉर्ड. तेजल कॉटवर आहे, हाताला सुई लावलेली, आणि तेच मीटर तिच्या उशाशी टांगलंय. मी अजून स्क्रू फिरवतोय.

"डॉक्टर! ओ डॉक्टर!"

कुणी नाही. जन्मभर लोकांच्या बंद गाड्या सुरू करून दिल्या मी, आणि इथं माझ्या हातात काही म्हणजे काही नाही.

"सोडा तो स्क्रू, पप्पा."

"सोडला तर काटा उतरंल."

"धरलाय तरी उतरतोयच की. आतला रबरी पडदा फाटलाय. त्यातनं पेट्रोल हवेच्या नळीत शिरतंय आणि तिथनं इंजिनात. म्हणून काळा धूर. पडदा फाटल्यावर सेटिंग बसत नाय, कुणीबी फिरवू दे."

"मग?"

"नवा टाका."

"आणि तुझं सेटिंग?"

"ते जाणार की."

किती सहज म्हणते! माझं डोकंच फिरतं. "तुला काय जातंय गं म्हणायला! तुझे कपडे आईनं कपाटात घालून कुलूप लावलंय. तुझ्या हातचं एवढंच राहिलंय माझ्याकडं. हे काढून भंगारात टाकू? सांग. रीतीनं विचारतोय मी. हात लावू का?"

ती कॉटवर उठून बसते. मग विचारते, "आईनं आज काय केलंय?"

"वांगं."

"मला ठेवलंय?"

"ठेवलंय," मी म्हणतो. वांगं संपलंय. मला माहीत आहे आणि तिलाही माहीत असावं, कारण ती हसते आणि मान वळवते.

"अहो, चहा झालाय!"

गॅरेजमागच्या घरातनं मालनचा आवाज. मी पुठ्ठ्यावर नाही. बॉनेट उघडं आहे आणि मी मडगार्डवर छाती टेकून उभा आहे. कधी उठलो, बॉनेट कधी उघडलं, काही आठवत नाही. मुठीत हवेची बारकी नळी आहे, रेग्युलेटरवरनं उपसून काढलेली. तिरकी करतो तर तळहातावर पेट्रोल सांडतं. तिच्यात थेंबसुद्धा असायला नको होता. पडदा फाटलाय. रेग्युलेटर काढायलाच लागणार.

मालन चहाचा कप घेऊन जवळ येते. "काय झालं? असं काय बघताय?"

"हे बघ," मी तळहात पुढं करतो. तोवर पेट्रोल उडून गेलंय. हात कोरडा.

"काय बघू?"

मी तिचा हात धरतो आणि माझ्या तळव्यावर ठेवतो.

"गार लागतंय," मालन म्हणते, आणि हात काढत नाही.