माझ्याबद्दल मले विचारा

"हिले कळते का काही?"

समाजाच्या अध्यक्षानं विचारलं ते माईकसमोर. माईक चालू होता. आर्वीच्या मंगल कार्यालयात सारा समाज जमला होता, बारावीच्या गुणवंतायचा सत्कार पाहायले. मी स्टेजवर उभी. अन् विचारलं मात्र बाजूले उभ्या आईले.

झालं होतं एवढंच. आमच्यात पोरीचा सत्कार म्हणजे आधी कुंकू, मंग शाल. अध्यक्षाच्या बायकोनं ओल्या कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे आणलं अन् मी मागं सरकली. कपाळाले ओलं बोट लागलं की मले विंचू चावल्यासारखं होते. मी ऑटिस्टिक आहे. पण समोरच्या बायायले त्याचं काय! "माय वं, कुंकवाले नाई म्हणते!" कोणीतरी बोललंच. वर लाऊडस्पीकर करकर करून राह्यला होता. मी दोन्ही हातांनी कान दाबले. अध्यक्षानं माझी शाल आईच्या खांद्यावर टाकली. "अशा लेकराले इथवर आणलं. खरा सत्कार या माउलीचा!"

टाळ्या. काय टाळ्या बाप्पा! आई रडून राह्यली होती. मले वाटलं, काऊन, गणिताचा पेपर आईनं सोडवला काय? असा संताप आला! पण शब्द निघंना. गर्दीत माझे शब्द अडकतेत, ते घरी आल्यावर सुटतेत. त्या दिवशी घरीही कोणी ऐकायले बसलं नाई.

बाबाचं कापडाचं दुकान आहे. गावातल्या सोयरिकीच्या गोष्टी तिथंच निघतेत. म्हणून डॉक्टरनं सांगितलेला शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढत नसे. कोणी विचारलं की बाबा म्हणे, "लाजाळू आहे जराशी." मी बाजूले बसून ऐकत राहू.

मंग वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ले अर्ज केला, गणित घेऊन. यादीत नाव लागलं. प्रवेश पक्का करायले बाबासंग गेली, तर ऑफिसात तेच अध्यक्ष बसलेले. कॉलेजच्या संस्थेतही तेच! आमच्याकडे एकच माणूस सगळीकडे अध्यक्ष राह्यते.

"शेठ, हिले इथं काऊन आणलं?" ते बाबाले म्हणे. मी शेजारच्याच खुर्चीवर. "प्रयोगशाळा आहे, गर्दी आहे, पोट्टे टवाळ आहेत. बाहेरून बी.ए. करू द्या. घरची घरी राहीन, पदवीही होऊन जाईन."

बाबानं मान हलवली. "तुम्ही म्हणता तसं."

गेलं. माझं कॉलेज एवढ्यात गेलं. आता घर, दुकान अन् पाहायले येणारे पाहुणे. समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं की मले बोलता येत नाई. मी वर पंख्याकडे पाहिलं अन् बोलली.

"मले विचारा. मी लाजाळू नाई, ऑटिस्टिक आहे. मले आवाज सहन होत नाई, गणित होते. परीक्षेले शांत खोली पाहिजे. बाकी काही नको."

बाबाचा चेहरा खर्रकन उतरला. अध्यक्ष हसले. "अरे वा! हे तर पटापट बोलते! मंग हिले झालं काय? नाटकं आहेत सारी. खोली कायले पाहिजे?"

तेव्हा मले समजलं. नाई बोलली तर येडी. बोलली तर नाटकी. कशीही राह्यली तरी यायच्या हिशेबात मी बसतच नोती. मंग मी यायच्या हिशेबात बसायची धडपड काऊन करू?

बाबा उठला. "चाल, घरी चाल."

मी उठली नाई. बापाचं ऐकलं नाई, असं पहिल्यांदाच झालं. "नाई म्हणायचं असन तर लिहून द्या," मी म्हटलं. "दिव्यांग आहे म्हणून प्रवेश देत नाई, असं लिहा. खाली सही करा."

असं लिहिणं कायद्यात बसत नाई, हे त्यायलेही ठाऊक होतं. अध्यक्षाले सह्या करायची हौस मोठी, पण या सहीले त्यायचा हात काही पुढं झाला नाई. चिडून क्लार्कले म्हणे, "घे बे हिचे कागद."

बाबा एसटीत माझ्यापासून दोन सीट पुढं जाऊन बसला.

समाजात आता म्हणतेत, पोट्टी फार चढली. एक सोयरीक यायच्या आधीच परत गेली. आई म्हणते, तोंड आवर. नाई आवरत! लई वर्षं आवरलं. परीक्षा तोंडावर आली, शांत खोली अजून भेटली नाई. मी दर सोमवारी ऑफिसात जाते. क्लार्क म्हणते, "वडिलाले पाठव." मी सांगते, पेपर मी लिहिणार आहे, बोलायचं माझ्याशी. तो रागानं पाहते. पाहू दे. खोली भेटेपर्यंत जाईन. एकटी जाईन.